अँकी ॲप रिव्ह्यू: कोडिंग इंटरव्ह्यूसाठी काय घोकायचं आणि काय शोधून घ्यायचं

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचा कंटाळा आहे त्यांची सुटका. अँकी फुकट आहे, दिसायला बेकार आहे आणि जे काम करतो म्हणतं ते चोख करतं. पाचपैकी चार स्टार. पण कोडिंग इंटरव्ह्यूसाठी ते डाउनलोड करणारे बहुतेक जण त्यात भलतंच काहीतरी भरतात आणि महिनाभराने ॲप बोगस आहे म्हणून काढून टाकतात, त्यामुळे हा रिव्ह्यू ॲपचा थोडा आणि त्यात काय भरायचं याचा जास्त होणार आहे, चालवून घ्या.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कार्डाच्या पुढच्या बाजूला प्रश्न, मागच्या बाजूला उत्तर. प्रश्न दिसतो, तुम्ही मनात उत्तर देता, मग कार्ड पलटता आणि अगेन, हार्ड, गुड, इझी यातलं एक बटण दाबता. आठवलं तर ते कार्ड काही दिवसांनी येतं, परत आठवलं तर काही आठवड्यांनी, मग महिन्यांनी, आणि विसरलात की परत पहिल्यापासून. बस, एवढंच. डेमियन एल्म्स नावाच्या माणसाने २००६ साली काढलं, ओपन सोर्स आहे, कॉम्प्युटरवर फुकट, अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड नावाचं वेगळ्या स्वयंसेवकांनी केलेलं व्हर्जन तेही फुकट, आणि आयफोनवर मात्र एकदाच सुमारे २५ डॉलर मोजायचे. स्टोअरमध्ये याच्याच नावाशी मिळतीजुळती नावं घेतलेली बरीच डुप्लिकेट ॲप्स आहेत, त्यातली काही दर महिन्याला पैसे मागतात, तेव्हा नाव आणि बनवणारा नीट बघून घ्या.

आता मुद्द्यावर येऊ. आपल्याकडे पाठांतर या गोष्टीची एक गंमत आहे. शाळेत पाढे, श्लोक, सनावळ्या सगळं घोकून घेतात, इंजिनिअरिंगला गेलं की व्हायव्हाच्या आदल्या रात्री घोका आणि एक्स्टर्नलसमोर ओका, आणि मग नोकरी लागली की पहिल्याच आठवड्यात सीनियर सांगतो की अरे पाठ कशाला करतोस, गूगल कर ना. बरं वाटतं ऐकून. चार-पाच वर्षं मजेत जातात, स्टॅक ओव्हरफ्लोवरून (प्रोग्रामर लोकांची प्रश्नोत्तरांची साइट) उचल, डॉक्युमेंटेशन बघ, आता तर एआयला विचार, काम होतं. आणि मग जॉब बदलायची वेळ येते आणि समोरचा म्हणतो, हे घ्या कोरं डॉक्युमेंट, ४५ मिनिटं, स्क्रीन शेअर करा, दुसरी टॅब उघडायची नाही. रोज ज्या भाषेत काम करतो त्या भाषेत स्ट्रिंग उलटी कशी करायची हे एडिटर सुचवत नसेल तर आठवत नाही, अशी अवस्था भल्याभल्यांची होते.

आणि ही तक्रार फक्त आपल्या हिंजवडीतली नाही. २०१५ मध्ये होमब्रू (मॅकवर सॉफ्टवेअर टाकायचं टूल) बनवणाऱ्या मॅक्स हॉवेलने ट्विट केलं होतं की गूगलमधले बहुतेक इंजिनिअर माझं सॉफ्टवेअर वापरतात पण मला व्हाइटबोर्डवर बायनरी ट्री उलटं करता आलं नाही म्हणून मला घेतलं नाही. ते ट्विट खूप गाजलं. नंतर २०१७ मध्ये रुबी ऑन रेल्सच्या (वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) डेव्हिड हाइनमायर हॅन्सनने जाहीर सांगितलं की मला बबल सॉर्ट (आकडे क्रमाने लावायची एक अगदी साधी पद्धत) व्हाइटबोर्डवर लिहिता येणार नाही, मी सतत इंटरनेटवर शोधतो. त्यावर कितीतरी मोठमोठ्या प्रोग्रामर लोकांनी आपापली कबुली दिली. वाचायला मस्त वाटतं. फक्त एक लक्षात ठेवा, ही माणसं आधीच डेव्हिड हाइनमायर हॅन्सन आहेत. तुम्ही आणि मी हेच इंटरव्ह्यूमध्ये बोललो तर एचआरचा थँक्यू मेल संध्याकाळपर्यंत येतो.

मग सगळं पाठ करायचं का? नाही. आणि सगळं शोधून घेऊ म्हणणंही तितकंच भाबडं आहे. माझ्या मते इथे एक अगदी साधी कसोटी लावता येते. एखादी गोष्ट चुकली तर कोण ओरडतं? कंपायलर (कोड तपासून मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) ओरडत असेल, एडिटर लाल रेघ मारत असेल, तर ती गोष्ट पाठ करण्यात काही अर्थ नाही, चुकू द्या, दोन सेकंदात कळेल. पण जी गोष्ट चुकूनही सगळं गप्प राहतं, प्रोग्राम चालतो, उत्तर देतो, फक्त उत्तर चुकीचं असतं, ती डोक्यातच असायला हवी, कारण ती शोधायला हवी हेच मुळात तुम्हाला सुचणार नाही. गूगल करायला आधी शंका तरी यायला पाहिजे ना.

उदाहरणं देतो, माझ्याच डेकमधली, म्हणजे कार्डांच्या गठ्ठ्यातली. जावास्क्रिप्टमध्ये दहा, नऊ आणि एक असे आकडे ॲरेत (यादीत) आहेत आणि तुम्ही नुसतं सॉर्ट म्हणालात, तर उत्तर एक, दहा, नऊ असं येतं. कारण काही सांगितलं नाही तर ते आकड्यांना स्ट्रिंग (अक्षरं) समजून लावतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. पायथनमध्ये लिस्टवर सॉर्ट मारलं तर ती लिस्ट जागच्या जागी सॉर्ट होते आणि परत मिळतं नन, म्हणजे काहीच नाही, सॉर्टेड वापरलं तर नवीन लिस्ट मिळते. पहिल्याचं उत्तर व्हेरिएबलमध्ये धरून ठेवलंत तर भलतीकडेच कुठेतरी दहा ओळी खाली फुटतं आणि तुम्ही तिथे शोधत बसता. जावात दोन इंटिजर ऑब्जेक्ट डबल इक्वल्सने कंपेअर केले की उणे १२८ ते १२७ पर्यंत बरोबर चालतं, कारण तेवढे आकडे कॅश करून ठेवलेले असतात, १२८ पासून सहसा फॉल्स. टेस्टमध्ये पाच, दहा, पन्नास असेच आकडे घालतो आपण, सगळं हिरवं दिसतं. एसक्यूएलमध्ये नॉट इनच्या आत सबक्वेरी टाकली आणि तिच्या निकालात एक जरी नल (रिकामी किंमत) आला तर एकही रो मिळत नाही, आणि क्वेरी मात्र व्यवस्थित रन होते. हे असलं सगळं अँकीत घालण्याच्या लायकीचं आहे, इंटरव्ह्यू असो वा नसो.

एक जरा मोठं उदाहरण, मला फार आवडतं. बायनरी सर्चमध्ये (क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी अर्धा भाग सोडत शोधायची पद्धत) मधला इंडेक्स काढायला लो आणि हायची बेरीज भागिले दोन असं आपण सगळेच शिकलोय. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतही तसंच लिहिलेलं होतं, आणि २००६ मध्ये जावाच्या लायब्ररीवर काम केलेल्या जोशुआ ब्लॉकने लिहून सांगितलं की यात बग आहे आणि तो तिथे जवळजवळ नऊ वर्षं होता. बेरीज २१४७४८३६४७ च्या वर गेली की आकडा उणे होतो. पण त्यासाठी ॲरेत १०७ कोटींच्या आसपास घटक लागतात, एवढा ॲरे टेस्टला कोण घेतो. त्यामुळे लो अधिक (हाय वजा लो) भागिले दोन, हे सूत्र मी घोकलंय आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. इंटरव्ह्यूमध्ये न विचारता ते लिहिलं की समोरच्याची मान हलकीच हलते, हा बोनस.

आता याच कसोटीने इंटरव्ह्यूकडे बघा. कोऱ्या डॉक्युमेंटमध्ये कंपायलर नसतो. लाल रेघ नसते. म्हणजे एरवी जे ओरडलं असतं तेही तिथे गप्प. जावात स्ट्रिंगला लेंग्थच्या पुढे कंस असतो, ॲरेला नसतो आणि लिस्टला साइझ असतं, हे रोजच्या कामात पाठ करणं शुद्ध वेडेपणा आहे कारण एडिटर टाइप करायच्या आधीच सुचवतो, पण व्हाइटबोर्डवर तेच चुकलं की हा रोज कोड लिहितो की नाही अशी शंका समोरच्याला येते. त्यामुळे इंटरव्ह्यूपुरती पाठांतराची यादी वाढते, ही गोष्ट खरी आणि ती मान्य करून टाकलेली बरी. आणि ती यादी इंटरव्ह्यूनंतर फेकून द्यायची असते हेही मान्य करा. मी सरळ दोन वेगळे डेक केलेत, एक कायमचा, एक इंटरव्ह्यूपुरता.

आता कार्ड कसं करायचं, कारण सगळी मेख इथेच आहे. नवीन माणूस पहिलं कार्ड काय करतो? पुढे लिहितो, मर्ज सॉर्ट लिहा. मागे तीस ओळींचा कोड पेस्ट. झालं. हे कार्ड समोर आलं की काय करणार तुम्ही, बसमध्ये उभं राहून तीस ओळी मनात म्हणणार? दोन दिवस म्हणाल, तिसऱ्या दिवशी बघून न बघितल्यासारखं करून गुड दाबाल. त्यापेक्षा त्याचे तुकडे पाडा. दोन सॉर्टेड अर्ध्या याद्या जोडताना दोन्हीकडचं सारखं असेल तर कुठलं आधी घ्यायचं? डावीकडचं, नाहीतर सॉर्ट स्टेबल राहत नाही, म्हणजे सारख्यांचा मूळ क्रम टिकत नाही. एका बाजूचं संपलं तर? उरलेलं जसंच्या तसं चिकटवायचं. जादा जागा किती लागते? जेवढे घटक तेवढी. प्रत्येक कार्डाचं उत्तर एका श्वासात सांगता आलं पाहिजे, नाही आलं तर ते कार्ड मोठं आहे, कापा.

पायथनच्या हीपचं (सगळ्यात लहान किंवा मोठा घटक कायम वर ठेवणारी रचना) माझं कार्ड सांगतो. पुढे: हीपक्यू वापरून सगळ्यात मोठा आकडा वर कसा ठेवायचा? मागे: आकडा उणे करून टाकायचा, काढताना परत उणे करायचा, कारण हे मिन हीप आहे. खाली बारीक अक्षरात: ३.१४ पासून मॅक्सवाली फंक्शन्स आली आहेत पण समोरच्याकडे कुठलं व्हर्जन आहे कोणास ठाऊक. आणि त्याच्याच जोडीचं दुसरं कार्ड: हीपमध्ये टपल टाकले आणि पहिला घटक सारखा निघाला तर? मग तो दुसरा घटक कंपेअर करायला जातो, तो तुमचा स्वतःचा ऑब्जेक्ट असेल आणि त्याला लहान-मोठं कळत नसेल तर फुटतं, म्हणून मध्ये एक वाढता काउंटर टाकायचा. हे दुसरं कार्ड कुठल्याही तयार डेकमध्ये मिळणार नाही, कारण ते अडकल्यावरच सुचतं.

तयार डेक हा विषय निघालाच आहे तर. अँकीच्या साइटवर लोकांनी करून ठेवलेले डेक फुकट मिळतात, जावा इंटरव्ह्यू, सिस्टिम डिझाइन, बिग ओ, सगळं. उतरवून घ्या, अर्धा तास चाळा आणि डिलीट करा. दहावीच्या परीक्षेला २१ अपेक्षित घेऊन बसल्यासारखं आहे ते, काम होतं पण प्रश्न जरा फिरवला की बोंब. दुसऱ्याने लिहिलेल्या कार्डात त्याची शंका असते, तुमची नसते. आणि कार्ड स्वतः लिहिताना जे डोकं खाजवावं लागतं, तोच अर्धा अभ्यास असतो, तो फुकटात दुसऱ्याला देऊन टाकू नका.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. काही इंटरव्ह्यू खरोखरच २१ अपेक्षित टाइप असतात. ओव्हरलोडिंग आणि ओव्हररायडिंगमधला फरक, ॲबस्ट्रॅक्ट क्लास आणि इंटरफेसमधला फरक, डिलीट आणि ट्रंकेटमधला फरक, आणि आपला लाडका, हॅशमॅप (की दिली की तिची व्हॅल्यू काढून देणारा साठा) आतून कसा चालतो. फ्रेशरला, किंवा तीन-चार वर्षं अनुभव असलेल्याला पहिल्या राउंडला हेच विचारतात आणि विचारणाऱ्याच्या हातातही बहुतेक वेळा कागदच असतो. तिथे तयार डेक घेऊन गेलात तरी चालून जातं. राउंड दोनला मात्र नाही.

मी आता टेबलाच्या पलीकडेही बसतो कधीकधी, तेव्हा हे दर वेळी दिसतं. मुलगा हुशार वाटत होता, पटापट बोलत होता. हॅशमॅपची डिफॉल्ट कपॅसिटी? सोळा सर. लोड फॅक्टर? पॉइंट सेव्हन फाइव्ह सर. मग वाढतो कधी? बारा ओलांडले की सर, दुप्पट होतो, आणि सर जावा आठपासून एकाच बकेटमध्ये (खणात) फार एंट्री झाल्या की लिंक्ड लिस्टचं ट्री होतं. मी म्हटलं, छान. आता असं समज की एम्प्लॉयी ऑब्जेक्ट की म्हणून टाकलाय, हॅशकोड (कुठल्या बकेटमध्ये ठेवायचं ते ठरवणारा आकडा) आयडीवरून निघतो. मॅपमध्ये टाकल्यानंतर मी त्या ऑब्जेक्टचा आयडी बदलला. आता तोच ऑब्जेक्ट देऊन गेट केलं तर काय मिळेल? बराच वेळ शांतता. मग म्हणाला, सर, ओव्हरराइट होईल? बहुतेक वेळा नल मिळतं, कारण नवीन हॅशकोडने तो दुसऱ्याच बकेटमध्ये शोधायला जातो आणि एंट्री जुन्या जागी तशीच पडून राहते, मॅपचा साइझ विचारला तर अजूनही एकच सांगतो. पुन्हा तेच बघा, कोणी ओरडत नाही. सोळा आणि पॉइंट सेव्हन फाइव्ह हे डॉक्युमेंटेशनच्या पानावर छापलेलं आहे, ते विसरला असता तरी मी काही मार्क कापले नसते. त्याने नेमकं उलटं केलं होतं, शोधायचं ते पाठ केलं होतं आणि पाठ हवं ते कधी मनात आलंच नव्हतं. मुलगा वाईट नव्हता हो, त्याच्या डेकमध्ये तो प्रश्न नव्हता एवढंच.

लीटकोडचे (कोडिंगच्या सरावाच्या प्रश्नांची साइट) पूर्ण सोल्यूशन घोकणारे तर आणखी वेगळीच जमात. त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. एका ओळीने कंडिशन बदलली की कळतं.

आता ॲपच्या आतल्या गोष्टी. पूर्वी अँकी १९८७ सालचा, सुपरमेमो या जुन्या उजळणीच्या प्रोग्रामचा एसएम-टू हा अल्गोरिदम थोडा बदलून वापरायचं, पिओतर वोझ्नियाकचा. २०२३ च्या शेवटी आलेल्या २३.१० व्हर्जनपासून एफएसआरएस नावाचा नवीन आला, तो तुमच्याच जुन्या उत्तरांवरून तुम्ही किती पटकन विसरता याचा अंदाज बांधतो. डेक ऑप्शन्समध्ये जाऊन तो चालू करा, त्याच्याखाली डिझायर्ड रिटेन्शन असतं, ९० टक्के दिलेलं असतं, तिथेच ठेवा. लोक इंटरव्ह्यू जवळ आला म्हणून ते ९७-९८ करतात आणि मग कार्डांचा असा लोंढा येतो की बाकी अभ्यासच बंद. दुसरं, नवीन कार्डं रोज २० अशी सेटिंग असते, ती कोडिंगसाठी जास्त आहे. रोज २० टाकत राहिलात तर काही आठवड्यांनी रोजची उजळणी दीडदोनशेच्या घरात जाते. पाच-सहा पुरे. आणि विसरला असाल तर हार्ड दाबू नका, अगेन दाबा, हार्ड म्हणजे आठवलं पण कष्टाने, हे न कळल्यामुळे बरेच जण अल्गोरिदमलाच चकवा देतात आणि मग म्हणतात की कार्डं फार उशिरा येतात.

एक फीचर मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते म्हणजे लीच. एखादं कार्ड पाठ झाल्यावर आठ वेळा विसरलात की अँकी त्याला लीच असा टॅग लावतं, आणि सेटिंग तशी असेल तर बाजूलाही काढतं. बहुतेकांना वाटतं हे त्रासदायक आहे. मला ते उलट डॉक्टरच्या रिपोर्टसारखं वाटतं, कारण जे कार्ड आठ वेळा डोक्यात बसलं नाही ते एकतर फार मोठं आहे, नाहीतर तुम्हाला त्यामागचं कारणच कळलेलं नाही, नाहीतर ते मुळात पाठ करायच्या लायकीचं नाही आणि शोधून घ्यायचं आहे. तिन्ही केसमध्ये घोकणं हा उपाय नाहीच. रेग्युलर एक्स्प्रेशनमधल्या लुकअहेड आणि लुकबिहाइंडच्या खुणा माझ्याकडे अशाच लीच झाल्या, मी ती कार्डं उडवून टाकली, लागेल तेव्हा बघतो, कोणाचं काही अडलं नाही.

हे कार्ड पलटण्याचं प्रकरण चालतं का, याला पुरावा आहे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा आलेख मांडला होता. आणि २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले, काहींनी परत वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. व्हिडिओ परत परत बघून मला येतंय असं वाटणाऱ्यांनी हे भिंतीवर चिकटवावं. दुसऱ्या बाजूलाही एक अभ्यास आहे, बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांचा, २०११ चा, सायन्समध्ये आलेला. लोकांना माहिती टाइप करायला लावली, काहींना सांगितलं कॉम्प्युटर सेव्ह करणार, काहींना सांगितलं पुसणार. सेव्ह होणार असं वाटणाऱ्यांना माहिती कमी आठवली. पण कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलीय हे माहितीपेक्षा चांगलं आठवलं. मला यातलं दुसरं वाक्य जास्त कामाचं वाटतं. म्हणजे कुठे सापडेल हेही पाठ करता येतं, आणि ते स्वस्तात होतं. माझ्याकडे अशी कितीतरी कार्डं आहेत ज्यांचं उत्तर फक्त एक नाव आहे. सॉर्टेड लिस्टमध्ये नवीन आकडा कुठे बसेल, पायथनमध्ये कुठलं मॉड्यूल? बायसेक्ट. बस, पुढचं लेफ्ट की राइट, ऑर्ग्युमेंट काय, ते बघून घेऊ, पण असं काहीतरी आहे हे माहीत नसेल तर माणूस हाताने लूप लिहीत बसतो.

आणि बघून घेऊ हे इंटरव्ह्यूमध्येही चालतं, लोक विचारतच नाहीत. मॅडम, याच्या ऑर्ग्युमेंटचा क्रम मला नक्की आठवत नाहीये, आधी लिस्ट मग आकडा असं धरतो, चालेल का? दहातले बरेचसे इंटरव्ह्यूअर हो म्हणतात आणि मनातल्या मनात एक मार्क जास्त देतात, कारण या माणसाला काय येत नाही हे त्याला माहीत आहे. ठोकून देणारे आम्हाला लगेच कळतात. शोधायच्या बाजूसाठी टूलही सांगून ठेवतो, डेवडॉक्स, ब्राउझरमध्ये चालतं, फुकट, ऑफलाइनही ठेवता येतं, लोकलमध्ये नेटवर्क गेलं तरी पायथनचं अख्खं डॉक्युमेंटेशन समोर. आणि पायथनवाल्यांनी टर्मिनलमध्ये पायथन उघडून हेल्प टाइप करायची सवय लावा, बऱ्याच जणांना ते आहे हेच माहीत नसतं.

एआय आल्यावर हे सगळं कशाला असं कोणी म्हणेल. कोड तो लिहितो, मान्य. पण तो लिहितो तो कोड वर सांगितलेल्या गप्प बसणाऱ्या चुकांसकट लिहितो कधीकधी, आणि तेही फार आत्मविश्वासाने, तेव्हा वाचणाऱ्याच्या डोक्यात उणे सात भागिले दोनचं उत्तर पायथनमध्ये डबल स्लॅशने उणे चार येतं आणि जावात उणे तीन, हे असावं लागतं. लीटकोडचा रिव्हर्स पोलिशवाला (आधी आकडे, मग चिन्ह असं लिहिलेलं गणित सोडवायचा) प्रश्न नेमका याच्यावर पाडतो लोकांना.

आता तक्रारी, कारण चारच स्टार का ते सांगायला हवं. कोडसाठी हे ॲप बनलेलंच नाही. कोड पेस्ट केला की रंग नाहीत, आपोआप काही नीट लागत नाही, त्यासाठी ॲड-ऑन टाकावं लागतं आणि ॲड-ऑन फक्त कॉम्प्युटरवर चालतात. फोनवर नवीन कार्ड लिहायचं, त्यात कंस आणि अंडरस्कोर, म्हणजे अंगठ्यांचा व्यायाम. मी फोनवर फक्त उजळणी करतो, सकाळच्या कंपनीच्या बसमध्ये, नळ स्टॉप ते हिंजवडी ट्रॅफिकमध्ये अख्खा डेक संपतो, आणि कार्डं रात्री लॅपटॉपवर लिहितो. सेटिंग्जचं पान उघडलं की पहिल्यांदा घाबरायला होतं, एवढे ऑप्शन्स. आणि सुट्टी. गणपतीत गावाला गेलात, पाच दिवस ॲप उघडलं नाही, की परत आल्यावर आकडा बघूनच बंद करावंसं वाटतं. ॲप माफ करत नाही. अशा वेळी एका दिवसात सगळं संपवायला जाऊ नका, रोज थोडं वाढवून चार-पाच दिवसांत काढा, आणि तोवर नवीन कार्डांचा आकडा शून्य.

आयफोनवाल्यांनी लगेच २५ डॉलर घालवायची गरज नाही, अँकीवेब ब्राउझरमध्ये फुकट चालतं, नेट लागतं एवढंच. आधी महिनाभर तसं वापरून बघा, टिकलात तर घ्या.

कोणी घेऊ नये हेही सांगतो. ज्यांचा इंटरव्ह्यू परवा आहे त्यांनी नको, त्यांनी झोपावं. ज्यांनी अजून हाताने पन्नासेक प्रोग्राम लिहिलेले नाहीत त्या कॉलेजच्या मुलांनीही सध्या नको, कारण कार्डावर घालायला स्वतःची अशी अडचण लागते आणि ती कोड लिहिल्याशिवाय येत नाही.

जॉब लागल्यावर मी इंटरव्ह्यूवाला डेक सस्पेंड केला, लेंग्थचे कंस, साइझ, हॅशमॅपचे आकडे सगळं झोपलंय त्यात, पुढच्या स्विचला उठवू. कायमच्या डेकमध्ये मात्र भर पडतच असते, एसक्यूएलचे नल, टाइमझोनच्या भानगडी, आणि गिटच्या (कोडचा इतिहास ठेवणारं टूल) रीसेटची तीन कार्डं, सॉफ्ट, मिक्स्ड, हार्ड. हार्ड काय काय उडवतं हे मारल्यानंतर गूगल करून कमिट न केलेली फाइल परत येत नाही.